वकील भातखंडे आणि कोलामांची दंडार

संगीताच्या इतिहासाच्या पेपरात भातखंडे आले की आपण दहा थाट पाठ करतो नि मोकळे होतो. पण ते करत काय होते? पेशानं वकील. 1904 साली दक्षिणेत गेले, पुढे नागपूर, हैदराबाद, कलकत्ता. गवयांना, पंडितांना गाठून विचारायचं, तुम्ही गाता त्याला आधार कोणता? साक्षीदाराची उलटतपासणीच म्हणा! ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ त्यांनी मराठीत लिहिली, तीही गुरुशिष्यसंवादात. 1926 साली लखनौला कॉलेज उभं राहिलं. म्हणजे आजचा सिलॅबस हा एकेकाळी एका माणसाचा प्रवास होता.

आता आपल्या यवतमाळात या. पांढरकवडा, झरी जामणी भागात कोलामांची दंडार आहे. बाईचं सोंग पुरुषच घेतात. तिला आपण ‘लोककला’ म्हणतो, आणि इतिहास मात्र घराण्यांचा लिहितो. कोलामीला स्वतःची लिपी नाही, म्हणून दंडारीला इतिहास नाही, हे अनुमान तर्काच्या पहिल्या तासालाच नापास व्हावं. कागद नसेल, पण दंडार केलेली म्हातारी माणसं आहेत ना. तीही माझ्यासारखीच सत्तरीला टेकलेली. एम.ए.च्या प्रबंधाला विषय मिळत नाही म्हणता, तर यंदा दिवाळीच्या सुमारास एखाद्या पोडावर जा. वही न्या, आणि आधी नुसतं ऐका.