लोकायुक्त आणि गावकुसाबाहेरचे गाऱ्हाणे

महाराष्ट्रात लोकायुक्तांची चर्चा निघाली की ती एकाच प्रश्नाभोवती फिरते: मुख्यमंत्री कायद्याच्या कक्षेत येतो की नाही? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. परंतु तो वरून खाली पाहणाऱ्यांचा प्रश्न आहे. मी अंबड तालुक्यात अंकुशनगरला, साखर कारखान्याभोवती वाढलेल्या वस्तीत राहतो. येथून मंत्रालय चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. येथून पाहताना मला दुसरा प्रश्न दिसतो. हातात कोयता असलेला माणूस, किंवा मस्टरवर जिचे नाव आहे पण जिच्या हातात मजुरी पडलेली नाही ती बाई, या कायद्याच्या दारापर्यंत पोहोचते का?

थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १८०९ मध्ये स्वीडनने प्रशासनाविरुद्धची तक्रार ऐकणारा स्वतंत्र अधिकारी नेमला. आपल्याकडे मोरारजी देसाई अध्यक्ष असलेल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये लोकपाल आणि लोकायुक्त अशा दोन पदांची शिफारस केली. ओरिसाने १९७० मध्ये कायदा केला, पण तो कित्येक वर्षे अमलात आणला नाही. महाराष्ट्राचा कायदा १९७१ चा. २५ ऑक्टोबर १९७२ पासून तो अमलात आला आणि प्रत्यक्ष लोकायुक्त नेमणारे महाराष्ट्र पहिले राज्य ठरले. याचा अभिमान आपण अजून मिरवतो. पण ते साल आठवा. मराठवाडा दुष्काळात होरपळत होता, बायाबापड्या खडी फोडत होत्या. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. राज्याने गाऱ्हाणे ऐकायला एक माणूस बसवला आणि त्याच वेळी ज्यांचे गाऱ्हाणे कुणीच ऐकत नव्हते ते रस्त्यावर उतरले. या दोन घटना एकत्र ठेवून कुणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

१९७१ च्या कायद्यात एक चांगली गोष्ट होती, ती मान्य केली पाहिजे. त्याने 'आरोप' आणि 'गाऱ्हाणे' असा भेद केला. भ्रष्टाचाराचा आरोप एक. आणि गैरकारभारामुळे माणसावर झालेला अन्याय, त्याला सोसावा लागलेला नाहक त्रास, हे दुसरे. गरिबाचे दुखणे बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते. जातीचा दाखला अडवला जातो, गायरानावरच्या कसणुकीची नोंद होत नाही, शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर येते. यात पैसे खाल्ल्याचा पुरावा कुठून आणायचा?

पण दार दाखवून उंबरठा उंच ठेवला. तक्रार विहित नमुन्यात हवी, सोबत प्रतिज्ञापत्र हवे. चौकशी खाजगीत होईल, तक्रारदाराचे नाव लोकांना किंवा वृत्तपत्रांना कळणार नाही, असे कायदा म्हणतो; आणि तोच कायदा तक्रारीची प्रत संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवायला सांगतो. न्यायाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, ज्याच्यावर ठपका आहे त्याला उत्तराची संधी मिळालीच पाहिजे. परंतु मंत्रालयातल्या सचिवाला प्रत जाणे आणि गावाशी रोजचा संबंध असलेल्या अधिकाऱ्याला प्रत जाणे यात फरक आहे. वृत्तपत्राला नाव कळले नाही तरी चावडीला कळते. मग किराणा उधार मिळत नाही, कामावर बोलावणे येत नाही. बहिष्काराला हुकूम लागत नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो नागरिक होता, तो गावाच्या भाकरीवर जगणारा नव्हता.

४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की राज्यघटनेचा शब्दही न बदलता केवळ प्रशासनाचे स्वरूप बदलून घटना निरर्थक करता येते. नमुना, प्रत, मुदत या गोष्टींना आपले कार्यकर्ते 'तांत्रिक' म्हणून सोडून देतात. त्या तांत्रिक नाहीत.

शेवटी लोकायुक्तांच्या हाती काय? शिफारस. सक्षम अधिकाऱ्याने ती मानली नाही तर राज्यपालांकडे विशेष अहवाल, तेथून तो विधिमंडळापुढे. शेजारच्या कर्नाटकात १९८४ च्या कायद्याने लोकायुक्तांना स्वतःचे पोलिस मिळाले. २०११ मध्ये संतोष हेगडे यांच्या खाण अहवालानंतर मुख्यमंत्र्याला पायउतार व्हावे लागले. महाराष्ट्रात मुख्यमंत्री १९७१ च्या कायद्यातून वगळलेलाच होता. म्हणून अंतुले यांच्या काळातले सिमेंट वाटप आणि देणग्यांचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्या. लेंटिन यांचा निकाल आला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढे १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भ्रष्टाचाराची फिर्याद कोणीही नागरिक देऊ शकतो. म्हणजे लोकायुक्त असताना जे झाले ते लोकायुक्तांना वळसा घालून झाले.

२०११ च्या दिल्लीतील आंदोलनाबद्दल आपल्या चळवळीत शंका होत्या, त्या अनाठायी नव्हत्या. तरी २०१३ च्या केंद्रीय लोकपाल कायद्यात एक कलम आले: निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि स्त्रिया यांच्यातून असावेत. त्याच कायद्याने राज्यांना वर्षभरात लोकायुक्त कायदा करायला सांगितले. २०१९ मध्ये अण्णा हजारे राळेगणसिद्धीला उपोषणाला बसले, मग मसुद्यासाठी समिती नेमली गेली, आणि विधेयक यायला २०२२ उजाडले.

या विधेयकाने मुख्यमंत्र्याला कक्षेत आणले, मात्र चौकशीपूर्वी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी. ज्याच्यामागे बहुमत असते तोच मुख्यमंत्री होतो, तेव्हा ही अट कशासाठी ते वाचकांना सांगायला नको. वृत्तपत्रांनी यावर बरेच लिहिले. प्रतिज्ञापत्राबद्दल, तक्रारदाराच्या संरक्षणाबद्दल कुणी लिहिले असेल तर ते अंकुशनगरपर्यंत आले नाही.

२८ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरला विधानसभेने ते मंजूर केले. विरोधक शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रकरणावरून सभात्याग करून बाहेर होते, चर्चा झालीच नाही. विधान परिषदेची मंजुरी डिसेंबर २०२३ मध्ये मिळाली. विधानसभेत अनुसूचित जातींच्या २९ आणि जमातींच्या २५ राखीव जागा आहेत. आमच्याच जिल्ह्यातला बदनापूर त्यांत येतो. तक्रारीची प्रत गावात पोहोचल्यावर तक्रारदाराचे काय होते, हे त्या दिवशी या ५४ जणांपैकी कुणीही विचारले नाही.