जुना पेजमेकर, नवा कॉम्प्युटर आणि जिल्ह्याचे अंक

आपल्या धाराशिवसारख्या जिल्ह्यात छोट्या साप्ताहिकाच्या ऑफिसात गेलात, तर कोपऱ्यात एखादा एक्सपीवाला जुना कॉम्प्युटर अजून झाकून ठेवलेला दिसतो. कशाला म्हणाल, तर जुने अंक त्यातच उघडतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, आणि एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ला बंद झाला.

प्रोग्राम आपल्या सिस्टीमला ठरलेल्या हाका मारतो. फाईल उघड, खिडकी काढ, अक्षर दाखव. परक्या सिस्टीमला त्या हाका कळत नाहीत, म्हणून तो तिथं चालत नाही. १९९३ साली काही प्रोग्रामरांनी यावर 'वाईन' नावाचं काम सुरू केलं. विंडोजची हाक ऐकायची आणि तेच काम लिनक्सकडून करून घ्यायचं. मूळ विंडोज लागतच नाही. १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं, म्हणजे चिकाटी बघा!

असला मधला दुभाषा मराठीला त्याच्याही आधी मिळाला होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सीडॅकने वाढवलं. जिस्टचं कार्ड बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्राम काही न बदलता देवनागरी दाखवायचे. प्रोग्रामला त्याचा पत्ताही नसायचा. कुठल्या अक्षराला कोणता आकडा, हेही ठरलेलं. १९९१ला 'इस्की' हे राष्ट्रीय मानकच झालं.

विंडोजवर डीटीपी आलं आणि ही शिस्त मोडली. ज्याने त्याने आपल्या फॉन्टमध्ये 'क'ला वेगळा आकडा दिला. माझ्या मते खरी गोची इथं आहे. वाईनवर पेजमेकर उद्या उघडेलही, पण तो फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. १९९३च्या भूकंपानंतर सास्तूरकडं पुनर्वसन कसं झालं, कुणाला घर मिळालं नि कुणाला नाही, हे लिहिलेल्या बातम्या अशा फायलींत असतील, तर 'सास्तूर' टाईप करून शोधल्यावर एकही सापडणार नाही. २०२३ला जिल्ह्याचं नाव बदललं. जुनं 'उस्मानाबाद' टाकूनही तेच.

पीडीएफ करून ठेवली की झालं, असं काही जण म्हणतात. त्यात पान दिसतं, शोधता मात्र येत नाही. त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावाच लागतो, आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

ज्यांच्याकडं असे अंक आहेत त्यांनी मशीन भंगारात देण्याआधी फायली कॉपी करा. सोबत फॉन्टचं फोल्डरही घ्या. नुसत्या फायली नेल्या तर उपयोग नाही.