चांद्रप्रवासाची टपालवाट

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथ आणि ग्रंथकार यांची नोंद कसोशीने करतो. परंतु ग्रंथ वाचकापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला, याचा विचार क्वचितच करतो. पुणे-मुंबईच्या वाचकाला ही वाट दिसत नाही, कारण ती त्याच्या दारातूनच जाते. आम्हां माळव्यातील मराठी माणसांची गोष्ट निराळी आहे. धार आणि देवास येथे पवारांच्या मागोमाग आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहिली; त्यांचे मराठी पुस्तकांशी असलेले नाते पोस्टाच्या पिशवीवर अवलंबून होते. मराठीतील एका आरंभीच्या विज्ञानकथेच्या निमित्ताने या वाटेचा थोडा मागोवा घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही कथा म्हणजे 'चंद्रलोकची सफर'. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने १८६५ साली पृथ्वीवरून चंद्रावर जाण्याची कथा प्रसिद्ध केली, आणि काही वर्षांनी तिचा उत्तरार्ध लिहिला. तिचा मराठी अवतार १९०० साली 'केरळकोकिळ' या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला. अनुवादक होते मासिकाचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये (१८५३-१९२६). आगरकरांच्या टेंभू गावचेच हे गृहस्थ. त्यांनी १८८६ मध्ये कोचीनला मराठी मासिक काढले. जेथे रस्त्यावर मराठी शब्द ऐकू येणे दुर्मीळ, तेथून मराठी मासिक काढण्याचे हे धाडस चांद्रप्रवासाहून फारसे कमी होते असे आम्हांस वाटत नाही.

हे धाडस शक्य कशामुळे झाले? त्याचे एक मोठे कारण टपालखात्याच्या व्यवस्थेत आहे. १८५४ च्या कायद्याने हिंदुस्थानात टपालाचा एकच दर ठरला. अंतर कितीही असो, पाव तोळा वजनाच्या पत्रास अर्धा आणा. पुढे १८७७ मध्ये व्ही.पी.ची सोय झाली, आणि दूरच्या गिऱ्हाइकाला पुस्तक हाती पडताच पैसे देता येऊ लागले. या दोन गोष्टींनी मराठी वाचकांचा नकाशाच बदलला. कोचीन दूर आणि पुणे जवळ, हा भेद निदान पोस्टाच्या हिशेबात उरला नाही. विखुरलेल्या मराठी माणसांना एका वाचकवर्गात बांधण्याचे काम जितके छापखान्याने केले, तितकेच खाकी पिशवीतल्या माणसानेही केले.

संस्थानांत मात्र या व्यवस्थेला एक गंमतीची मुरड पडलेली दिसते. धार संस्थानाने १८९७ मध्ये स्वतःची देवनागरी अक्षरांची टपाल तिकिटे काढली. ती संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. हद्दीबाहेर पत्र धाडावयाचे तर इंग्रज सरकारचे तिकीट लावणे भाग असे. १९०१ मध्ये हे संस्थानी टपाल बंद झाले. म्हणजे केरळकोकिळात चंद्राची सफर सुरू झाली, तेव्हा धारचे स्वतःचे तिकीट शेवटचे दिवस मोजत होते. ज्या तिकिटावर शेजारच्या देवासलाही पत्र जात नसे, त्या काळात मराठी गोष्ट चंद्राकडे निघाली होती! देवासची तऱ्हा तर याहून न्यारी. तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी स्थापिलेली थोरली व धाकटी अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदत, आणि गावातल्या रस्त्यांचीही वाटणी झालेली होती. अशा लहानलहान हद्दींच्या मुलखात मासिक ही एकच वस्तू हद्द न मानता फिरत असे.

क्रमशः कथेचा एक गुण येथे ध्यानात घेतला पाहिजे. व्हर्नने आपल्या गोळ्याचा प्रवास ९७ तास २० मिनिटांचा ठरविला होता. मराठी वाचकाला तोच प्रवास करावयास अनेक महिने लागले. अंक आला की घरातला एक वाचणार, बाकीचे ऐकणार. मग तो शेजारी जाणार, आणि पुढील अंकापर्यंत तर्कांना ऊत येणार. क्रमशः वाचनाचे हे वळण आमच्या पिढीने घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. एक वर्गणीदार म्हणजे एक वाचक, असा हिशेब त्या काळाला लागू पडत नाही.

धारचा उल्लेख आला की भोजराजाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे, आणि विमानांचा विषय निघाला की कोणी तरी 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथाचा दाखला देतोच. भोजाच्या नावावर असलेला हा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ टी. गणपतिशास्त्री यांनी संपादून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील एकतिसाव्या, यंत्रविषयक अध्यायात पाऱ्याच्या बळाने उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचे वर्णन आहे खरे. परंतु आमच्या मते या अध्यायातील सर्वांत बोधप्रद गोष्ट वेगळीच आहे. यंत्रांची घडण आपण सांगत नाही ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी, असे ग्रंथकार स्वतःच म्हणतो. याउलट व्हर्न आपला सारा हिशेब वाचकापुढे मांडतो. तोफेची लांबी नऊशे फूट, गोळ्याचा आरंभीचा वेग सेकंदाला बारा हजार यार्ड. तपासून पाहा, असे जणू आव्हानच तो देतो. विमान कोणाचे आधीचे, या वादात आम्हांस स्वारस्य नाही. ज्ञान झाकून ठेवणे आणि ते टपालाने घरोघर धाडणे, या दोन वृत्तींमधील अंतर आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

देवासचाही या विषयाशी एक अनपेक्षित संबंध आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून देवासला राहिले. त्यांच्या हिंदुस्थानविषयक कादंबरीची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. पण १९०९ साली त्यांनी 'द मशीन स्टॉप्स' ही दीर्घ विज्ञानकथा लिहिली होती, हे थोड्यांनाच माहीत असते. तीत माणसे जमिनीखाली एकेका कोठडीत राहतात, यंत्रातूनच एकमेकांना पाहतात व बोलतात, आणि प्रत्यक्ष भेटीचा त्यांना तिटकारा वाटतो. मुलगा आईला समोर येऊन भेटण्याची विनवणी करतो, तेव्हा ती बुचकळ्यात पडते. ही कथा लिहिणारा लेखक पुढे देवासहून आपल्या आईला कागदावर पत्रे लिहीत राहिला. त्या व इतर पत्रांतूनच १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक सिद्ध झाले. ती टेकडी म्हणजे आमची चामुंडेची टेकडी. पुस्तकाचे नाव देवासच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारतो, तेव्हा शिक्षक म्हणून मान खाली जाते.

काही वर्षांपूर्वी आम्ही धार व देवास येथील आठ शिक्षकांनी एक लहानसा प्रयोग केला. भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कथेवरून मुलांसाठी केलेल्या 'चंद्रावर स्वारी'ची एक प्रत घेतली, तिला एक कोरी वही जोडली, आणि ती नोंदणीकृत बुकपोस्टाने एकाकडून दुसऱ्याकडे फिरवावयास आरंभ केला. प्रत्येकाने दहा दिवस प्रत ठेवावी, मुलांना वाचून दाखवावी, वहीत काही लिहावे आणि पुढे धाडावी, एवढाच नियम. शेवटी परत आलेली ती वही आम्हांस पुस्तकाहून मोलाची वाटली. एका विद्यार्थ्याने मूळ कादंबरीतील आकडे घेऊन गणित मांडले होते : नऊशे फुटांत एवढा वेग गाठावयाचा तर गोळ्यातील माणसांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे बावीस हजारपट भार येईल, तेव्हा ही मंडळी चंद्र पाहण्यास उरणार नाहीत. खाली दुसऱ्या गावच्या मुलीने लिहिले होते : "मग तोफ नको, हळूहळू वेग वाढवणारे काही तरी हवे." अग्निबाणाचे तत्त्व दोन अनोळखी मुलांनी एका वहीत, पोस्टाच्या साहाय्याने, आपसांत शोधून काढले होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले, तेव्हा आम्हांस त्या वहीची आठवण झाली.

ही वाट आता अरुंद होत चालली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुकपोस्टाची सोय बंद झाली, आणि लहान ग्रंथविक्रेते व आमच्यासारखे देवघेव करणारे वाचक यांची पंचाईत झाली. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही योजना सुरू झाली. तीत तीनशे ग्रॅमपर्यंतचे पुस्तक वीस रुपयांत जाते. ही सोय स्वागतार्ह आहे. तिचा उपयोग करणारे वाचक असतील, तरच ती टिकेल. फिरत्या छायाचित्रांतून आणि पडद्यांवरून सारे काही क्षणात मिळू लागल्यावर पुस्तक टपालाने कशास धाडावे, असे कोणी विचारील. फॉर्स्टरच्या कोठडीतील माणसांनाही सारे काही क्षणात मिळत होते.

जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी धाडली ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहवून घेऊन. परीक्षकांच्या हाती नाव नव्हे, केवळ कथा पोहोचावी, ही त्यामागची इच्छा. आठल्यांच्या मासिकापासून त्या स्पर्धेपर्यंतचा हा सारा इतिहास दूरच्या अनोळखी वाचकावरील विश्वासाचा इतिहास आहे.

अकादमीच्या सभासदांस आमची दोन मागण्यांपुरती विनंती आहे. माळव्यातील जुन्या मराठी घरांत मासिकांचे बांधीव खंड माळ्यावर पडून असतील, त्यांची नोंद व्हावी; आणि प्रत्येक शाळेने वर्षाकाठी निदान एक पुस्तक, एका कोऱ्या वहीसह, दुसऱ्या गावच्या शाळेकडे धाडावे. खर्च वीस-पंचवीस रुपयांचा आहे. कोचीनच्या संपादकाने याहून पुष्कळ अधिक जोखीम पत्करली होती.