डेटफर्डचं बिल, मार्लो आणि माझे वडील

आजचा भाग थोडा प्रायश्चित्ताचा आहे म्हणा. कॉलेजात असताना मी एक माहितीपट पाहिला आणि पुढची दोनतीन वर्षं भेटेल त्याला सांगत सुटलो की शेक्सपिअरची नाटकं शेक्सपिअरची नाहीतच.

माहितीपटाचं नाव ‘मच अडू अबाउट समथिंग’. मायकेल रुबो या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने तो २००१ साली केला. त्यातला दावा असा, की खरा नाटककार ख्रिस्तोफर मार्लो. दोघंही १५६४ चे. मार्लो कँटरबरीच्या चांभाराचा मुलगा, पण शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकलेला. शेक्सपिअरचा बाप हातमोजे करणारा, आणि पोरगं विद्यापीठाची पायरी न चढलेलं.

आता मार्लोचं मरण बघा, तिथेच सगळी गंमत आहे. १५९३ च्या मे महिन्यात नास्तिकपणाच्या संशयावरून त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे बोलावलं, रोज हजेरी लावायला सांगितलं. ३० मे रोजी डेटफर्डला एलिनॉर बुल नावाच्या बाईच्या घरी तो तिघांबरोबर दिवसभर होता. संध्याकाळी बिलावरून भांडण झालं आणि इनग्रॅम फ्रायझरचा खंजीर त्याच्या उजव्या डोळ्यावर घुसला. तिघांपैकी रॉबर्ट पोली सरकारी हेर. फ्रायझरला महिन्याभरात राणीची माफी! आणि त्याच जूनमध्ये ‘व्हीनस अँड अडोनिस’ हे काव्य दुकानात दिसतं. शेक्सपिअर हे नाव छापलेलं पहिलंच पुस्तक. म्हणजे मार्लो मेलाच नाही, तो पळाला आणि लपून लिहीत राहिला.

वीस वर्षांच्या मुलाला आणखी काय पाहिजे?

घरी येऊन मी हे सगळं वडिलांना सांगितलं. ते छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे जुळवायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती शिकलेला होता म्हणालास तो?” मी म्हणालो, “गावच्या शाळेपुरता. म्हणून तर!” ते काही बोलले नाहीत. वडील सातवी पास होते. मी काय बोलून गेलो हे कळायला मला फार वेळ लागला.

या वादाच्या मुळाशी तेच आहे, असं माझं मत झालंय. बेकन म्हणा, ऑक्सफर्डचा अर्ल म्हणा, उमेदवार बहुतेक वेळा डिग्रीवाला नाहीतर सरदार. खरं तर स्ट्रॅटफर्डच्या ग्रामर स्कूलमध्ये लॅटिन चांगलं घोटून घेत. तिथली त्या काळची हजेरीपत्रकं उरलेली नाहीत, एवढंच.

पुरावा हुडकायचा प्रयत्न झाला बरं का. कॅल्विन हॉफमन या अमेरिकन माणसाने १९५५ साली मार्लोच्या बाजूने पुस्तक लिहिलं आणि दुसऱ्या वर्षी मार्लोचा आश्रयदाता थॉमस वॉल्सिंगहॅम याची चिझलहर्स्टची कबर उघडवली. आत हस्तलिखितं असतील ही आशा. निघाली वाळू. आणि ते ‘व्हीनस’ काव्य? त्याची नोंदणी १८ एप्रिलची, म्हणजे खुनाच्या सहा आठवडे आधीची. पण त्या नोंदीत कवीचं नाव नाही, आणि मार्लोवाल्यांना एवढी फट पुरते.

मला वाटेवर आणलं ते मात्र छपाईतल्या एका चुकीने. ‘मच अडू अबाउट नथिंग’ हे नाटक १६०० साली छापलं गेलं. (माहितीपटाचं नाव त्यावरूनच घेतलंय, हा योगायोग बघा.) त्यात चौकीदार डॉगबेरीचा प्रवेश आहे. संवादाआधी पात्राचं नाव यायला हवं, तिथे छापलंय ‘केम्प’ आणि ‘काउली’. विल केम्प आणि रिचर्ड काउली, शेक्सपिअरच्याच कंपनीतले नट! लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पात्र नाही, नट उभा होता. अभ्यासक तरी याचा अर्थ असाच लावतात. इटलीत लपलेल्या माणसाला कुठला विनोदी नट कुठली ओळ कशी टाकतो हे कसं कळणार? ही तालमीत बसणाऱ्या माणसाची चूक आहे.

मी हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते निवृत्त झाले होते. म्हणाले, “कॉपीत जे असेल तेच आम्ही लावतो. त्याची चूकसुद्धा त्याचीच.”

तरी मार्लोला मी वाऱ्यावर सोडत नाही. २०१६ साली ‘न्यू ऑक्सफर्ड शेक्सपिअर’ने सहाव्या हेन्रीच्या तिन्ही भागांवर सहलेखक म्हणून त्याचं नाव घातलं. ते सगळ्यांना पटलेलं नाही, पण एकत्र बसून नाटक लिहिणं त्या काळी रोजचंच होतं. म्हणजे मार्लोचा हात तिथे असेलही, लपून नव्हे, शेजारी बसून.

आणि लंडनला गेलात तर वेस्टमिन्स्टर ॲबीत कवींच्या कोपऱ्यात मार्लोची काचेची खिडकी जरूर बघा. २००२ मध्ये बसवलेली. तिच्यावर मृत्यूचं साल आहे १५९३, आणि त्याच्या आधी एक प्रश्नचिन्ह.