‘किती देते?’

पुण्यात कोणी नवे वाहन घेतले म्हणजे शेजारपाजारची मंडळी प्रथम रंग पाहतात, मग किंमत विचारतात. परंतु ज्या प्रश्नापाशी संभाषणाला खरा रंग चढतो तो दोनच शब्दांचा आहे : ‘किती देते?’ गाय किती दूध देते हे ज्या सहजतेने विचारावे, त्याच सहजतेने गाडी एका लिटरला किती किलोमीटर देते हे विचारले जाते. परक्या माणसाला हा चिकूपणा वाटतो. वस्तुतः या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्यातील बराच भाग पुणे व पुण्याच्या आसपासच घडलेला आहे. ज्या वाहनांविषयी हा प्रश्न विचारला गेला त्यांपैकी कित्येक याच परिसरात तयार झाली; आणि प्रश्नाचे अधिकृत उत्तर देणारी संस्थाही कोथरूडच्या टेकडीवरच आहे.

इंधनाच्या काटकसरीचा पहिला कडक धडा या देशाला दुसऱ्या महायुद्धाने दिला. हिंदुस्थानला लागणाऱ्या तेलाचा मोठा वाटा ब्रह्मदेशाकडून येत असे. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि पुढच्याच महिन्यात माघार घेणाऱ्या इंग्रजांनी येनांजाउंगच्या तेलविहिरी आपल्याच हातांनी उद्ध्वस्त केल्या. पेट्रोलवर नियंत्रण आधीच आलेले होते. आता ते कूपनांवर मोजूनमापून मिळू लागले. कित्येक मोटारगाड्यांना मागच्या बाजूस कोळशाची भट्टी बसविण्यात आली. कोळसा अपुऱ्या हवेत जाळला म्हणजे जो ज्वालाग्राही वायू निघतो त्यावर इंजिन चालविण्याची ही युक्ती होती. पेट्रोलच्या मानाने शक्ती बरीच कमी मिळे, घाटात गाडी धापा टाकी, आणि सकाळी निघण्यापूर्वी भट्टी पेटवून वाट पाहावी लागे. तरी गाडी चाले! त्या काळी हिशेब गॅलनाचा आणि मैलांचा होता. पुढे दशमान पद्धती आली, मैल गेले, गॅलनही गेला. मागे राहिला तो ‘मायलेज’ हा शब्द. आज आपण किलोमीटर मोजतो आणि त्यांना मैलांच्या नावाने हाक मारतो, ही गंमत सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

सामान्य पुणेकराला मात्र युद्धकाळातील या टंचाईची झळ बेताचीच लागली असावी, कारण त्याचे वाहन सायकल होते. सायकलींचे शहर हा पुण्याचा लौकिक पुढेही कित्येक वर्षे टिकला. पाय हेच इंजिन आणि भाकरी हेच इंधन असलेल्या या नागरिकाला यंत्राच्या वाहनाकडे वळवावयाचे, तर ते वाहन खर्चाच्या बाबतीत सायकलीच्या जवळपास तरी यावयास हवे होते. पुण्याच्या वाहनउद्योगाचा पुढचा बराचसा इतिहास या एका अटीने घडविला, असे म्हणावयास हरकत नाही.

या इतिहासातील पहिले नाव नवलमल फिरोदिया यांचे. हे गृहस्थ पेशाने वकील होते आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले होते. इटलीतील पियाज्यो कंपनीने १९४६ साली वेस्पा स्कूटर काढली आणि लवकरच त्याच तत्त्वावर मालवाहू तीनचाकी तयार केली. माणसाने माणसाला ओढून न्यावे ही गोष्ट फिरोदियांना खटकत होती. त्या तीनचाकीत त्यांना हातरिक्षेचा पर्याय दिसला. १९४८ च्या सुमारास त्यांनी मुंबई प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे ही कल्पना मांडली. माल ठेवण्याच्या जागी उतारूंची बैठक आली आणि ऑटोरिक्षा जन्मास आली. प्रारंभी पुण्यात तिला हसणारेही असतीलच. पण तिचे गणित पक्के होते. स्कूटरचे एक लहानसे इंजिन, हलका सांगाडा, आणि त्यावर चालक धरून तीन-चार माणसांची वाहतूक. माणशी इंधनाचा हिशेब केला तर त्या काळच्या टॅक्सीला ही स्पर्धा जड जाणारी होती. आज रिक्षावाल्यांशी पुणेकराचे कितीही मतभेद असोत, हे वाहन काटकसरीच्या पोटी जन्मले आहे हे मान्य केलेच पाहिजे.

बजाज आणि फिरोदिया ही दोन घराणी आरंभी या धंद्यात एकत्र होती. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बजाज ऑटोला १९५९ साली उत्पादनाचा परवाना मिळाला. पियाज्योशी असलेला करार संपल्यावर १९७२ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातून राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करणारी ‘चेतक’ बाहेर पडली. परवान्यांच्या त्या युगात उत्पादनावर सरकारी मर्यादा होती, आणि नोंदणी केल्यावर गाडी हाती येण्यास वर्षानुवर्षे लागत. मुलाच्या मुंजीत नोंदवावी आणि लग्नात मिळावी, अशी थट्टा होई. एका बाजूला कलंडवून मग किक मारावयाची ही चेतकची सवय तर मध्यमवर्गीय घरांच्या सकाळचा एक विधीच होऊन बसली होती. पण इंधनाच्या दृष्टीने तिच्यात एक अंगभूत उणीव होती. तिचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याच्या दोन फेऱ्यांत काम संपविणारे. अशा इंजिनात जळलेला धूर बाहेर ढकलण्याचे काम आत येणारे ताजे मिश्रणच करते. आणि त्या धक्काबुक्कीत थोडे ताजे पेट्रोलही न जळताच धुराबरोबर निघून जाते. शिवाय वंगणासाठी पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे. पुण्यातील चौकाचौकांत दिसणारा तो निळसर धूर म्हणजे अंशतः लोकांच्या खिशातून उडालेला पैसाच होता.

चेतकच्याच वर्षी, १९७२ साली, फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनियरिंगने ‘लूना’ बाजारात आणली. इंजिन अवघे पन्नास घनसेंटिमीटरचे, आणि पायाशी चक्क सायकलीचे पायटे! सुरू करताना पायटे मारावयाचे आणि पेट्रोल संपले तर पायटे मारीतच घर गाठावयाचे. सायकलीवरून यंत्रावर येणाऱ्या नागरिकासाठी याहून मऊ पायरी कोणती असणार? तिचेही इंजिन टू-स्ट्रोकच होते. पण वाहनच इतके हलके, की ती उणीव त्यात झाकून गेली. ओढावयाचे वजन कमी तर इंधन कमी, हा साधा नियम लूनाने घरोघर शिकविला. शिक्षक, कारकून, परिचारिका, दूधवाले यांना ती परवडली.

तिची वेळही अचूक ठरली. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि चार-सहा महिन्यांच्या आत जगाच्या बाजारात खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. त्या नोव्हेंबरात पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले, ते दृश्य पुष्कळांच्या स्मरणात असेल. ‘किती देते?’ हा प्रश्न तोपर्यंत हौसेचा होता. तेथून पुढे तो संसाराचा झाला.

१९८५ साली हरियाणातून आलेल्या हीरो होंडाच्या मोटरसायकलने या प्रश्नाला नवे उत्तर दिले. तिचे इंजिन फोर-स्ट्रोक होते. त्यात आत घेणे, दाबणे, जाळणे आणि बाहेर टाकणे ही चार कामे वेगवेगळ्या फेऱ्यांत होत असल्यामुळे पेट्रोल वाया जाण्याचे ते दार बंद झाले. एकदा टाकी भरा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. आणि लिटरला ऐंशी किलोमीटर हा तिचा दावा ऐकून स्कूटरवाला वर्ग चपापला. आकुर्डीकरांना हा इशारा उमगण्यास थोडा उशीर झाला असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. नव्वदीच्या दशकात तेही फोर-स्ट्रोक मोटरसायकलींकडे वळले, आणि २००९ साली पेट्रोलची चेतक बंद झाली.

मोटारगाडीची कथा थोडी निराळी. टाटांच्या पिंपरीच्या कारखान्यातून १९९८ च्या अखेरीस ‘इंडिका’ बाहेर पडली. तिच्या जुळणीची यंत्रसामग्री ऑस्ट्रेलियातील निसानचा बंद कारखाना उचलून आणलेली होती. लहान गाडीत डिझेलचे इंजिन ही तिची खरी ओढ. डिझेल इंजिनात हवा अधिक दाबली जात असल्यामुळे उष्णतेचे कामात रूपांतर अधिक होते, आणि त्या काळी डिझेलचा भावही पेट्रोलहून पुष्कळच उतरता होता. या भावाच्या फरकावर कित्येकांनी पुणे-मुंबई भाड्याच्या गाड्यांचा संसार थाटला. पुढे २००९ साली आलेल्या ‘नॅनो’ने लिटरला २३.६ किलोमीटरचा आकडा मिळविला. ती मात्र पिंपरीत तयार होत नसे.

हा ‘मिळविला’ शब्द नीट समजून घेतला पाहिजे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यात काम करीत आहे. वेताळ टेकडीच्या अंगावरील तिच्या प्रयोगशाळेत मोटार रस्त्यावर न नेता रुळांवर उभी केली जाते. चाके फिरतात, रूळ फिरतात, गाडी जागच्या जागी राहते. चालकासमोरच्या पडद्यावर वेगाची एक रेषा सरकत असते, आणि त्या रेषेबरहुकूम त्याने वेग वाढवावयाचा आणि उतरवावयाचा. धूर पिशव्यांत गोळा करून त्यातील कर्ब मोजतात. जेवढा कर्ब बाहेर आला तेवढा इंधनातूनच आला असला पाहिजे, म्हणून त्यावरून इंधनाचा खर्च काढता येतो. युक्ती मोठी सुंदर आहे.

प्रश्न राहतो तो त्या रेषेचा. पूर्वीच्या भारतीय चक्रात १०८ सेकंदांचा एक फेरा सहा वेळा होई, आणि सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर असे. मागाहून मोटारींसाठी सुधारलेले चक्र १,१८० सेकंदांचे झाले, आणि त्यात वेग ९० पर्यंत जातो. वातानुकूलन यंत्र त्यात बंद असते. लक्ष्मी रस्त्याची सायंकाळ, कात्रजचा चढ, विद्यापीठ चौकातील खोळंबा यांपैकी काहीच त्या रेषेत नाही. म्हणून कागदावर वीस असलेली गाडी शहरात चौदावर येते आणि मालक कंपनीला दूषणे देतो. दोष मोजणीचा नाही. सर्व गाड्या एकाच कसोटीवर घासून त्यांची आपसांत तुलना करता यावी, एवढ्यासाठी तो आकडा आहे. रस्त्याचे वचन म्हणून तो वाचणे हीच चूक. त्या गाडीने महिन्याला ७०० किलोमीटर जाणाऱ्या कुटुंबाला ३५ ऐवजी ५० लिटर लागतात; अंदाजपत्रक दुसऱ्या आकड्यावर बसवावे हे शहाणपणाचे.

आणखी एक घोटाळा या ‘लिटरला किती’मध्ये दडलेला आहे. ६०० किलोमीटरच्या प्रवासात दहा देणारी गाडी सोडून पंधरा देणारी घेतली तर ६० ऐवजी ४० लिटर लागतात, म्हणजे वीस लिटर वाचतात. वीस देणारी सोडून तीस देणारी घेतली, तर ३० ऐवजी २०, म्हणजे दहाच वाचतात. कानाला दुसरी उडी मोठी वाटते. खिशाला पहिली मोठी असते. युरोपातील लोक शंभर किलोमीटरला किती लिटर लागले असे उलटे मोजतात, ते याबाबतीत अधिक सरळ होय.

चालकाच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. द्रुतगती मार्गावर ऐंशीचे शंभर केले की तो दीडपटीहून अधिक होतो. प्रत्येक ब्रेक म्हणजे पैसे देऊन मिळविलेला वेग उष्णता करून हवेत सोडणे. म्हणून पुढचा लाल दिवा दुरून पाहून पाय आधीच उचलणारा मनुष्य जिंकतो. चाकांत हवा कमी असली की रबर दबून उमलण्यात शक्ती जाते. लांबच्या खोळंब्यात इंजिन बंद करावे. हे सारे प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि फार थोडे पाळतात.

तरीही शहराचे एकूण इंधन कमी का झाले नाही? विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते, की इंजिने कोळसा कमी खाऊ लागली म्हणून देशाचा कोळसा वाचत नाही. उलट काम स्वस्त झाल्यामुळे इंजिने वाढतात. पुण्यात हेच झाले. २०१८ साली येथील नोंदलेल्या वाहनांची संख्या सुमारे ३६ लाखांवर जाऊन माणसांच्या संख्येला मागे टाकून गेली. एकेक गाडी काटकसरी, आणि गाड्यांचा मेळा उधळ्या! मेट्रो १९७२ साली नव्हे, तर २०२२ साली सुरू झाली, याची किंमत शहराने मधल्या पन्नास वर्षांत पेट्रोलच्या रूपाने भरली आहे.

आता तर लिटरच बदलले आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य २०२५ साली गाठले गेले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांश इतकीच उष्णता असते, म्हणून तेच इंजिन त्याच रस्त्यावर थोडे कमी देते. उसाच्या शेतकऱ्याच्या घरी गेलेले चार पैसे पुण्याच्या गाडीवाल्याच्या खिशातूनही काही अंशी जातात, हे उघड बोलले गेले असते तर तक्रार कमी झाली असती. २०२४ च्या जुलैमध्ये बजाजने पुण्यात जगातील पहिली सीएनजी मोटरसायकल दाखविली. तिच्या बैठकीखाली वायूची टाकी आहे, आणि कंपनीचा दावा किलोला १०२ किलोमीटरचा. त्याच वर्षी लूनाही विजेवर चालणारी होऊन परत आली. चेतक तर २०२० सालीच तशी आली होती. त्यामुळे ‘किती देते?’ असे विचारल्यावर पुणेकराला आता आणखी एक प्रश्न जोडावा लागतो : लिटरला, किलोला, की युनिटला?