मतं खाणारा पक्ष: युक्रेनमधली एक जुनी गोष्ट

आपल्याकडे निवडणूक आली की एक शब्द हमखास कानावर पडतो: 'मतं खाणारा उमेदवार'. तो स्वतः निवडून येणार नसतो, हे त्यालाही माहीत असतं आणि त्याला उभा करणाऱ्यालाही. त्याचं काम एकच, दुसऱ्या कुणालातरी पाडायचं. नाक्यावरच्या चहावाल्यालासुद्धा हे गणित कळतं. पण एक अख्खा पक्ष, तोही गरिबांसाठी गळा काढणारा, लाखो खऱ्याखुऱ्या मतदारांचा, असा 'मतं खाणारा' ठरू शकतो का? गेल्या काही विकांतांत याच प्रश्नाच्या नादाने मी युक्रेनच्या नव्वदीच्या दशकात जाऊन बसलोय. आज तिकडची मंडळी घेऊन आलोय, सांभाळून घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९१ साली सोविएत संघ फुटला आणि युक्रेन स्वतंत्र झाला. झेंडा आला, राष्ट्रगीत आलं, पण पगार यायचा थांबला. १९९३ मध्ये तिथली महागाई वर्षाला १०,००० टक्क्यांच्या वर गेली होती. आकडा परत वाचा, शून्य जास्त पडलेलं नाही! आयुष्यभर बचत खात्यात साठवलेल्या पैशात काही वर्षांत धड किराणाही येईना. १९९६ मध्ये नवं चलन आलं, ह्रिव्निया, तेव्हा जुन्या एक लाख कार्बोव्हानेत्सचा एक ह्रिव्निया झाला. दशक संपता संपता देशाचं उत्पादन १९९० च्या निम्म्याहूनही खाली गेलं होतं. १९९८ मध्ये पाव्लोह्राद भागातले खाणकामगार थकलेल्या पगारासाठी थेट राजधानी किव्हपर्यंत चालत गेले. पगार वाढवा म्हणून नाही हो, केलेल्या कामाचा पगार द्या म्हणून!

अशा वातावरणात डावे पक्ष जोरात असणार हे उघडच होतं. सगळ्यात मोठा कम्युनिस्ट पक्ष, नेते पेत्रो सिमोनेंको. त्यापेक्षा मवाळ सोशालिस्ट पक्ष, नेते ओलेक्सांद्र मोरोझ. हे मोरोझ १९९४ ते १९९८ संसदेचे अध्यक्ष होते आणि १९९६ मध्ये युक्रेनची राज्यघटना रात्रभर चाललेल्या बैठकीतून मंजूर झाली ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. एकूण समंजस, मधल्या मतदारालाही चालेलसा माणूस.

आणि आता आपल्या गोष्टीची नायिका. (की खलनायिका? ते शेवटी तुम्हीच ठरवा.)

नतालिया वित्रेंको. जन्म १९५१, किव्ह. अर्थशास्त्रातल्या डॉक्टर. कोनोतोप भागातून संसदेवर निवडून आलेल्या. बोलणं असं की समोरच्याने मुद्दा मांडेपर्यंत यांचे चार मुद्दे होऊन गेलेले असायचे. एकोणिसाव्या शतकातल्या एका युक्रेनी लेखकाची 'कोनोतोपची चेटकीण' नावाची कथा प्रसिद्ध आहे. विरोधकांना आयतंच टोपणनाव मिळालं! बाई आधी मोरोझ यांच्याच पक्षात होत्या. पण मोरोझ मवाळ झालेत, मार्क्सला विसरलेत, असं म्हणत १९९६ मध्ये वोलोदिमिर मार्चेंको या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नवा पक्ष काढला: प्रोग्रेसिव्ह सोशालिस्ट पार्टी.

कार्यक्रम एकदम सोपा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला हाकला. खासगीकरण थांबवा. नाटो नको, रशिया आणि बेलारुसशी एकी हवी. आणि ज्यांनी 'सुधारणा' करून देशाची वाट लावली त्यांना युरेनियमच्या खाणीत पाठवा. हो, युरेनियमच्या खाणीत! सहा महिने पगार न मिळालेल्या माणसाच्या कानाला हे कसं लागलं असेल, विचार करा. अर्थतज्ज्ञ टीव्हीवर 'संक्रमण काळ' वगैरे शब्द वापरत होते आणि ही बाई सरळ सांगत होती की तुझा पगार चोरलाय, आणि चोर हा बघ.

१९९८ च्या मार्चमध्ये संसदेची निवडणूक झाली. ४५० जागांपैकी निम्म्या पक्षांच्या यादीतून भरायच्या होत्या आणि यादीतून आत यायचं तर किमान ४ टक्के मतं हवी होती. साधी इफ कंडिशन. चारच्या वर असाल तर आत, खाली असाल तर शून्य. बाईंच्या दोन वर्षांच्या पक्षाला मिळाली साधारण ४.०५ टक्के. काठावर पास, आणि यादीतून १४ जागा! या काठाची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

खरी मजा पुढच्या वर्षी. १९९९ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक.

खुर्चीवर होते लिओनिद कुचमा, आणि लोक त्यांच्यावर खूश नव्हते. तिकडे पद्धत अशी की पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. कुचमांच्या दृष्टीने सगळा प्रश्न हा होता की दुसऱ्या फेरीत समोर कोण? सिमोनेंको असतील तर उत्तमच. 'मी किंवा परत सोविएत दिवस, निवडा' एवढं म्हटलं की काम झालं. रशियात १९९६ मध्ये येल्त्सिन यांनी झ्युगानोव यांच्याविरुद्ध हेच करून दाखवलं होतं. पण समोर मोरोझ आले असते तर पंचाईत होती. त्यांची भीती कुणाला घालणार?

आणि मोरोझ यांच्यावर रोज उठून सगळ्यात जास्त तुटून कोण पडत होतं? वित्रेंकोबाई. बाईंना टीव्हीवर जागाही बऱ्यापैकी मिळत होती, तीसुद्धा सरकारच्या बाजूने झुकलेल्या माध्यमांत. निवडणुकीआधीच्या काही पाहण्यांत त्या कुचमांच्या पाठोपाठ होत्या. लोक तेव्हापासून म्हणत आलेत की हा पक्ष राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीनेच फुगवला. बाईंनी हे कायम नाकारलं, आणि ते कधी सिद्धही झालेलं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण अशा गोष्टी सांगताना 'म्हणतात' आणि 'आहे' यांत गल्लत फार सहज होते.

२ ऑक्टोबर १९९९ ला क्रिवी रीह शहराच्या इंगुलेत्स भागात बाईंच्या सभेनंतर गर्दीत हातबाँब फेकले गेले. बाई आणि इतर बरेच लोक जखमी झाले. मोरोझ यांच्या स्थानिक निवडणूक प्रतिनिधीवर आळ आला. आपला याच्याशी संबंध नाही, हा आपल्याला अडकवण्याचा डाव आहे, असं मोरोझ सांगत राहिले. पण मतदानाला महिनाही उरला नव्हता. व्हायचं ते नुकसान झालं.

३१ ऑक्टोबरचा निकाल असा: कुचमा ३६.४९ टक्के, सिमोनेंको २२.२४, मोरोझ ११.२९, वित्रेंको १०.९७.

आता मोरोझ आणि वित्रेंको यांची बेरीज करा. २२.२६! सिमोनेंकोंपेक्षा केसभर जास्त. मतांत मोजलं तर अडीच कोटींहून अधिक मतदारांत आठ हजारांच्या आतबाहेरचा फरक. मी पहिल्यांदा ही बेरीज केली तेव्हा दोनदा तपासली.

पण थांबा, लगेच निष्कर्षावर उडी नको. बाई रिंगणात नसत्या तर त्यांची सगळीच्या सगळी मतं मोरोझना गेली असती का? मुळीच नाही. कडक डावी, रशियाकडे झुकलेली बरीच मतं सिमोनेंकोंनाच गेली असती. शिवाय विरोधकांचा गोंधळ एकट्या बाईंनी घातलेला नव्हता. मोरोझ धरून चौघांनी कानिव्ह गावी जमून एकच उमेदवार देण्याचं ठरवलं होतं, ते त्यांना स्वतःलाच जमलं नाही. त्या चौघांतले एक, येव्हेन मार्चुक, दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत चक्क कुचमांकडूनच मोठं पद घेऊन मोकळे झाले! तेव्हा नुसत्या बेरजेवरून 'बाईंमुळे मोरोझ पडले' असं म्हणता येत नाही. एवढं मात्र म्हणता येतं की कुचमांना हवी होती तशीच दुसरी फेरी झाली, आणि ते ५६ टक्क्यांच्या वर मतं घेऊन आरामात जिंकले.

पुढची कथा भराभर सांगतो. २००२ ची संसद निवडणूक: बाईंच्या आघाडीला ३.२२ टक्के, मर्यादा ४. बाहेर. २००४ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या, दीड टक्का. ज्या माणसाने १९९९ मध्ये त्यांना मत दिलं होतं त्याच्या घरी आता पगार वेळेवर येऊ लागला होता, आणि देशाचं भांडण 'गरीब विरुद्ध श्रीमंत' न राहता 'रशिया की युरोप' असं झालं होतं. त्या भांडणात बाईंची बाजू घ्यायला त्यांच्यापेक्षा मोठे पक्ष तयार होते. २००६ मध्ये मर्यादा ३ टक्क्यांवर उतरली आणि बाईंना मिळाली २.९३. सुमारे सतरा हजार मतं कमी पडली! फेरमोजणीची मागणी झाली, उपयोग झाला नाही. ज्या काठावरून आत आल्या त्याच काठावरून बाहेर.

आणि मोरोझ? २००० मध्ये पत्रकार गोंगाद्झे यांच्या खुनाच्या प्रकरणात कुचमांच्या खोलीतल्या ध्वनिफिती संसदेत उघड केल्या त्या यांनीच. नाव कमावलं. आणि २००६ च्या जुलैमध्ये आपल्या मित्रपक्षांना सोडून, विरोधी बाजूच्या मतांवर संसदेचे अध्यक्ष झाले. मतदारांनी हिशोब पुढच्याच वर्षी चुकता केला. २००७ मध्ये मोरोझ यांचा पक्ष २.८६ टक्के, मर्यादा ३. बाईंचा पक्ष १.३२. दोघेही बाहेर.

मार्च २०२२ मध्ये, रशियाचं आक्रमण सुरू झाल्यावर, रशियाशी संबंध असल्याच्या कारणावरून युक्रेनने ११ पक्षांचं काम थांबवलं. त्या यादीत बाईंचा पक्ष होता, आणि मोरोझ यांचा जुना सोशालिस्ट पक्षही. (मोरोझ तोवर त्यातून बाहेर पडले होते.) त्याच वर्षी न्यायालयाने दोन्हींवर बंदी घातली. आयुष्यभर एकमेकांची मतं खाल्लेले दोन पक्ष शेवटी एकाच यादीत!

मला यात अस्वस्थ करते ती बाईंची किंवा मोरोझ यांची गोष्ट नाही. ते जवळपास २९ लाख लोक करतात, ज्यांनी ऑक्टोबर १९९९ मध्ये वित्रेंको या नावापुढे खूण केली. त्यातल्या बहुतेकांना ना कुणाची मतं खायची होती, ना कुचमांना निवडून आणायचं होतं. त्यांना थकलेला पगार हवा होता आणि कुणीतरी आपल्यासारखं चिडलेलं हवं होतं. त्यांचा राग शंभर टक्के खरा होता. पण ज्याच्यावर राग, त्याच्याच पथ्यावर तो पडला.

म्हणून सभेत कुणी आपल्या मनातलं अगदी जसंच्या तसं बोलायला लागलं की मी आता टाळ्या वाजवायच्या आधी जरा बघतो, या टाळ्यांनी नेमकं कोण खूश होतंय. आणि तो माणूस व्यासपीठावर असतोच असं नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.