खुडूक कोंबडीची कुळकथा

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा या सातपुड्याच्या तालुक्यांत भिल्ल व पावरा कुटुंबांच्या अंगणात वाढणारी गावरान कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 70 अंडी देते, तर व्यापारी पोल्ट्रीतील व्हाइट लेगहॉर्न 300च्या आसपास देते. या आकड्यांवरून गावरान कोंबडी निकृष्ट ठरवली जाते आणि तो निवाडा अन्यायाचा आहे, कारण तिचा उरलेला काळ वाया जात नाही. दहा-पंधरा अंडी झाली की ती अंडी घालणे थांबवते, पिसे फुलवून घरट्यात बसून राहते आणि जवळ येणाऱ्यावर चोच उगारते. या अवस्थेला खुडूक होणे म्हणतात. अंडी घालण्यात दोन-तीन आठवडे, उबवण्यात 21 दिवस आणि पिल्ले सांभाळण्यात पुढचे दीड-दोन महिने जातात, म्हणजे वर्षाकाठी तीन-चार फेऱ्यांहून अधिक होणे शक्यच नसते.

ही सवय तिला रानकोंबडीकडून मिळाली. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा असून, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पाळीव वंशाचे मूळ आग्नेय आशिया आणि चीनच्या नैर्ऋत्य भागाकडे असल्याचे दाखवले. पिवळ्या पायांचा गुण मात्र सह्याद्री व दक्षिण भारतात राहणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आल्याचे 2008च्या संशोधनात आढळले होते. रानातील मादी एका वेळी पाच-सहा अंडी घालून ती स्वतःच उबवते. प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे, म्हणजे रक्तातून संदेश वाहणाऱ्या द्रव्याचे, प्रमाण वाढले की अंडाशयाचे काम थांबते आणि पक्षी बसू लागतो.

माणसाने या सवयीला पर्याय फार पूर्वी शोधला. प्राचीन इजिप्तमध्ये उबेच्या जोरावर कोंबडीविना पिल्ले काढली जात, आणि पुढे यांत्रिक उबवणी आल्यावर खुडूक होणारी कोंबडी पैदाशीतून वगळत जाणे परवडू लागले. इटलीतील लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली लेगहॉर्न जात अशा निवडीतून घडली. तिला अंडी भरपूर आली, पण ती उबवण्याची ओढ जवळजवळ संपली.

ज्या पाड्यावर उबवणी यंत्र नाही आणि विजेचा भरवसा नाही, तेथे खुडूक कोंबडी हेच उबवणी केंद्र असते, म्हणून तिला बसवण्याची रीत नेमकी पाळावी लागते. आठवड्याहून जुनी नसलेली, थंड जागी ठेवलेली दहा-बारा अंडी गवताने मऊ केलेल्या टोपलीत ठेवतात, उवा व गोचिडांसाठी तळाशी राख पसरतात आणि कोंबडीला शक्यतो रात्री त्यावर बसवतात, कारण अंधारात ती बिथरत नाही. सातव्या-आठव्या दिवशी बॅटरीच्या उजेडासमोर अंडे धरले असता आत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले तर ते फळलेले असते; कोरे अंडे काढून टाकावे. पिल्ले नको असतील तर खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला काही दिवस जाळीच्या तळाच्या, वारा खेळणाऱ्या पिंजऱ्यात ठेवतात. दाणापाणी मात्र तोडायचे नसते. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा या सुधारित जातींची फळलेली अंडीही गावरान कोंबडीखाली ठेवता येतात, आणि नव्या-जुन्याचा याहून शहाणा मेळ क्वचितच सापडेल.

खरे नुकसान कमी अंड्यांनी होत नाही, रोगाने होते. जिल्ह्यातील नवापूर हे मोठ्या पोल्ट्रींचे गाव. तेथे फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू निश्चित झाला, तेव्हा शेडमधील पक्ष्यांबरोबर आसपासच्या घरांतील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. 2021 साली ही साथ तेथे पुन्हा आली. परंतु अंगणातील कळप वर्षानुवर्षे रिकामे होतात ते मानमोडीने, ज्या रोगाला पशुवैद्यकात राणीखेत म्हणतात. पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकला आणि दोन महिन्यांच्या सुमारास पुढची लस टोचली, तर हा घात बराच टळतो. या लशीची लहानात लहान कुपीही बहुधा 100 पक्ष्यांना पुरते व थंडच ठेवावी लागते, त्यामुळे एकट्या घराला ती महाग पडते. म्हणून पाड्यातील सर्व घरांनी एकच दिवस ठरवून, पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधी बोलून, लसीकरण एकत्र करून घ्यावे.